दोन निळे कोट

फोन खांद्याशी दाबून धरून मी एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होते, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली. गाणं वगैरे नव्हतं. दोनच सूर, एक खालचा, एक वरचा, आणि पुन्हा तेच. माझी धाकटी बहीण कोंबड्यांच्या खाद्याची गाडी कशी उशिरा आली ते सांगत होती. मी मध्येच विचारलं, "कोण गं शिट्टी वाजवतंय?" "बाबा. दुसरं कोण असणार इथं?" असं म्हणून ती पुन्हा खाद्याच्या गाडीवर गेली. मी विचारलं, "आणि त्यांचा खोकला कसा आहे?" तर म्हणते, "कसला खोकला?" चष्म्याची काडी सैल करायची होती, ती मी आवळतच राहिले. बाई म्हणाल्या, "अहो, कान तेवढा राहू द्या माझा." मी हसले, माफी मागितली, दुसरी फ्रेम काढून दिली. दिवसभर लोकांना आरशासमोर बसवून "हे बरं वाटतंय की ते?" असं विचारत राहिले. पण डोक्यात ते दोन सूर बसले होते आणि काही केल्या उठेनात.

बाबा शिट्टी वाजवतात हे मला माहीतच नव्हतं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे होते. त्यांच्या मोज्यांचं माप मला पाठ, गोळ्यांच्या वेळा मला पाठ. कुठल्या कुशीवर झोपले की सकाळी मान धरते, तेसुद्धा मीच सांगणार. स्वयंपाकघरालगतची उजेडाची खोली त्यांना दिलेली, चादरी दर आठवड्याला बदललेल्या, पलंगाशेजारी पाण्याचं झाकलेलं भांडं. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस, हातांना काम हवं असतं हे मला कळत होतं, पण आमच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरूच नये अशी माझी व्यवस्था. ते खिडकीशी बसत, वर्तमानपत्र घडी मोडू न देता वाचत आणि जेवताना "छान झालंय" म्हणत. रोज, न चुकता, छान झालंय. आणि खोकत. कोरडा, एकदाच येणारा खोकला, बहुतेक दारात. मी किती डॉक्टर केले त्या खोकल्यासाठी! प्रत्येकानं छातीला नळी लावली आणि छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. तरी मी औषधाची बाटली कधी संपू दिली नाही. आणि आता कोंबड्यांच्या शेडमध्ये, जिथं दहा मिनिटं उभं राहिलं तर माझे डोळे चुरचुरून पाणी येतं, तिथं त्यांचा खोकला बरा झाला होता आणि वर शिट्टी फुटली होती. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबांना बरं वाटतंय याचं वाईट वाटणारी तू एकटीच असशील." मी दिवा मालवला. बोलून काय सांगणार होते? माझ्या पोटात दुखत होतं हे खरंच होतं.

ते तिकडे गेले तेही कायमचे म्हणून नव्हे. धाकटीचा नवरा लांबच्या मार्गावर ट्रक चालवतो, महिनोन्‌महिने घरी नसतो. कोंबड्यांची शेड तिनं एकटीनं उभी केली. एका बॅचच्या वेळी तिच्या पायाला काहीतरी झालं, म्हणून बाबा म्हणाले, "एवढी बॅच निघेपर्यंत जाऊन येतो." बॅच म्हणजे पिल्लं येतात तिथपासून मोठी होऊन कापायला जातात तिथपर्यंत. ती बॅच निघाली. बाबा आले नाहीत. मग दुसरीची पिल्लं आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले, म्हटलं बघू तरी असं काय सोनं लागलंय तिथं. खोक्यांत भरलेली ती एका दिवसाची पिल्लं. शेडच्या एका टोकाला पत्र्याचं गोल कडं केलेलं, वर हीटर, खाली भुशावर कागद. धाकटी आणि बाबा दोघंही निळ्या कोटांत, गुडघ्यांवर बसलेले. बाबा पिल्लांकडे पाहून म्हणत होते, "सगळी कडेला पळाली, म्हणजे ऊब जास्त झाली. हीटर वर घे." जरा वेळानं, "आता बघ कशी पसरली सगळीकडे. आता ती सुखात आहेत." माझ्या घरी हिवाळाभर तेच घोंगडीत गुंडाळून बसायचे. ऊब कमी आहे की जास्त, एका शब्दानं बोलले नव्हते.

मग त्यांनी एक पिल्लू उचललं आणि धाकटीचं बोट धरून त्याच्या गळ्याखाली टेकवलं. "लागते का पिशवी? मऊ आहे ना? म्हणजे दाणाही खाल्ला आणि पाणीही प्यायलं. या दुसऱ्याची बघ, टणक. याला पाणी सापडलेलं नाही." बोट धरून. मी उभीच होते बाजूला, हातात पर्स, पायांत तिनं दिलेले मोठे बूट. मलाही दाखवलं त्यांनी, नाही असं नाही. पण मला एक पिल्लू तळहातावर ठेवून दिलं आणि म्हणाले, "बघ किती गोड आहे." पाहुण्यांच्या हातात बाळ देतात ना, तसं. धाकटीला गळ्याखालची पिशवी आणि मला गोड! आणि निघताना काय दिसावं, तर एका खोक्यात दोन मरतुकडी पिल्लं ऊब घेत बसली होती आणि त्यांच्याखाली मी विणलेला स्वेटर अंथरलेला. राखाडी, गळ्याला दुहेरी वीण, मी दोनदा उसवून पुन्हा विणलेला. बाबांच्या लक्षात आलं मी बघतेय ते. म्हणाले, "फार उबदार आहे गं, म्हणूनच." मी म्हटलं, "हो, हो, चांगलंच केलंत." बसमध्ये बसले आणि कोंबडीच्या पिल्लांचा हेवा करत शहरापर्यंत आले. हसायचं असेल त्यानं हसावं.

धाकटीचं आणि बाबांचं पहिल्यापासूनच असं. ती त्यांना अरे-तुरे करते, मी अहो-जाहो. लहानपणी तिनं गोंधळ घालायचा, त्यांनी ओरडायचं, तिनं उलट बोलायचं, मग दोघांनी हसायचं. मी शहाणी. शहाण्या मुलीला घरात काही काम नसतं, तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. म्हणून आई गेल्यावर बाबा कुणाकडे राहणार हा प्रश्न आला, तेव्हा मी कुणाला बोलूच दिलं नाही. माझ्याकडे. मोठं घर माझं, पगार माझा, दवाखाना जवळ. सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं, आता तरी ते माझे.

तर शिट्टीनंतरच्या रविवारी मी त्यांना आणायलाच निघाले. थंडी पडायला लागली होती, हे कारण पुरेसं होतं. त्यांच्या खोलीत नवी गादी घातली, खिडकीच्या फटी बुजवून घेतल्या. पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची बाटली टाकली. कशासाठी ते देव जाणे. आणि अंगात नवा कोट घातला, पिवळाधमक. आरशात बघितलं आणि वाटलं, बाबांच्या नजरेत भरेल. गेल्या गेल्या धाकटीनं फाटकातच म्हटलं, "वा, सूर्य उगवला! शेडमध्ये जायचं झालं तर हा काढून माझा निळा घालून जा हं, दारातच असतो." मी म्हटलं, "बघू." तिचं ते मालकिणीसारखं सांगणं मला आवडलं नाही.

बाबा वाळले होते, काळवंडले होते. पण मान ताठ होती. जेवताना धाकटीनं पाण्याच्या नळीची तोटी पुन्हा अर्धवट आवळून ठेवल्याचं त्यांना आठवलं आणि ते कडाडले, "गाढवे, भुसा ओला झाला तिथला! शंभरदा सांगितलं तुला!" ती म्हणाली, "तूच शेवटचा होतास आत, बाबा. आणि शंभरदा नाही, दोनदा." "दोनदा सांगूनही कळत नाही म्हणजे गाढवच." दोघंही खात राहिली, कुणाचा घास अडला नाही. भाजी मी नेलेली होती. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "छान झालंय." मला एकदम ताट सरकवून उठावंसं वाटलं. तिला गाढव आणि मला छान. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण त्या क्षणी कुणी मला गाढव म्हटलं असतं तर मी माझं घर लिहून दिलं असतं.

मग मी विषय काढला. थंडी, गादी, दवाखाना, सगळं ओळीनं सांगितलं. "चला ना बाबा आता. किती दिवस राहणार इथं?" धाकटी ताटातून बोट फिरवत राहिली. बाबा पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं. "तू म्हणतेस तर येतो की," ते म्हणाले. इतकं सोपं. मी वाद घालायची तयारी करून गेले होते, त्यातलं काहीच लागलं नाही. "आजच?" मी विचारलं. "आजच येतो. बॅग काय, एवढीशी." धाकटी उठली, ताटं गोळा केली आणि मोरीकडे गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं. वाटायलाच हवं होतं, मी जिंकलेच होते. बाबा म्हणाले, "पक्ष्यांकडे एक चक्कर टाकून येतो," आणि गेले. थोड्या वेळानं तिकडून ती शिट्टी आली. खालचा सूर, वरचा सूर.

मला राहवेना. मला बघायचं होतं की मी नसताना ते कसे असतात. शिट्टी वाजवणारे बाबा, खोकला नसलेले बाबा, मला एकदा, त्यांना नकळत, बघायचे होते. शेडच्या दाराशी दोन खुंट्या आहेत. एक रिकामी होती, दुसरीवर धाकटीचा निळा कोट. कोपरांना झिजलेला, खिशात सुतळी. तिसरी खुंटी नव्हती. मी त्या कोटाला हात लावला आणि हात मागे घेतला. तिचा कोट घालून मी माझ्या बापाला भेटायला जाणार? दाराशी जंतुनाशकाच्या पाण्याचा ट्रे होता, त्यात मात्र मी बूट नीट बुडवले, दोन्ही. नियमाला मी कधी चुकत नाही. मग दार हळूच, आवाज न करता सरकवलं.

पक्षी आता अर्धेमुर्धे वाढलेले होते, पांढरे, मानेवर अजून पिवळट लव. सगळी शेड एका मंद कुरकुरीनं भरलेली, पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत असल्यासारखी. बाबा पार त्या टोकाला उकिडवे बसले होते, पाठ माझ्याकडे. मांडीवर एक लंगडं पाखरू होतं. त्याचा पाय चोळत ते त्याच्याशी बोलत होते. "उद्यापासून ती येईल तुझ्याकडे," असं काहीसं. "ती चोळायला विसरते. तू ओरड मग." माझ्याकडे असताना एका जेवणात एवढे शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते. पुढचं ऐकू येईना, म्हणून मी दोन पावलं आत गेले.

कुरकुर थांबली. एकदम, सगळी. तेवढ्या शांततेत बाबांनी मान वळवली. आणि मग पांढऱ्याची एक लाट उठली आणि माझ्यापासून लांब, पलीकडच्या कोपऱ्याकडे धावली. भुशाची धूळ उडाली, काही दिसेना. कोपऱ्यात पक्ष्यांवर पक्षी चढत होते, मागचे पुढच्यांवर, त्यांच्यावर आणखी मागचे, भिंतीला टेकून ढीग वर वर जात होता. खालून येणारा आवाज दबत चालला होता. बाबा त्या ढिगाकडे धावले. या वयाचा माणूस असा धावू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी ते वरचे पक्षी उचलून मागे टाकू लागले. धाकटी कशी आली, कधी आली, मला कळलं नाही, पण ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि बाबा तिच्यावर ओरडले, "गाढवे, तिकडून नको हाकलूस, आणखी दाबतील! खालचे काढ, खालचे!" ती गुडघ्यांवर पडून हात आत घालत होती. मीही पुढे झाले. बाबांनी बघितलं, श्वास घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू बाहेर थांब, बेटा. कोट खराब होईल."

मी बाहेर थांबले. जे पक्षी गुदमरले ते धाकटीनं बादलीतून बाहेर आणले. वर पाय केलेले, बादली काठोकाठ भरलेली. बाबा आतच राहिले, उरलेल्यांना शांत करत. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." "झालं खरं," ती म्हणाली. ती खोटं कधीच बोलत नाही. नळाखाली हात धुताना म्हणाली, "रंगाचं काय एवढं नाही गं. तेही असतंच, निळ्याची सवय आहे त्यांना. पण तू आवाज न देता गेलीस. आत जाण्याआधी आवाज द्यायचा असतो, म्हणजे त्यांना कळतं कोण येतंय. बाबा शिट्टी का वाजवतो मग? मजेत?" मला मजेतच वाटलं होतं. "मी आपली दार ठोठावायची, कधी विसरायची. त्यानं पहिल्याच दिवशी लावली ही शिस्त. मी विचारलं, तुला रे कुणी शिकवलं? तर म्हणाला, दचकणाऱ्यांच्या घरात राहून आलोय, आवाज दिल्याशिवाय आत जायचं नसतं हे मला नाही कळणार तर कुणाला." असं म्हणून ती हसली आणि बादली घेऊन शेडमागे खड्ड्याकडे गेली. काय बोलून गेली याचा तिला पत्ता नव्हता.

मी तिच्या स्वयंपाकघरात आले आणि चहासाठी दूध तापत ठेवलं. मी दचकते. लहानपणापासून दचकते, फोन वाजला तरी, कुकरची शिट्टी झाली तरी. बाबा नवे नवे राहायला आले होते तेव्हा मोज्यांच्या पायांनी माझ्यामागे येऊन उभे राहिले होते, पाण्यासाठी. माझ्या हातातून बरणी सुटली, काचा झाल्या, मी किंचाळले आणि मग दोघंही हसलो. मी म्हटलं होतं, "अहो बाबा, आवाज तरी करत जा!" सहज. असं कुणीही कुणालाही म्हणतं. त्यानंतर कधीतरी खोकला सुरू झाला. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात, दिवाणखान्याच्या दारात, मी वाचत बसले असले तर माझ्या पाठीमागे. एकदाच, कोरडा. आणि मी त्यावर बाटल्यांमागून बाटल्या पाजल्या आणि ते त्या निमूट प्यायले. पर्समधली बाटली काढून मी ओट्यावर ठेवली. तिचं काय करावं ते सुचेना, पुन्हा पर्समध्ये टाकली.

दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली. या दारातून बाबा दिवसभरात कितीदा आले होते, कधी हातात खाद्याचं घमेलं, कधी धाकटीच्या नावानं शंख करत. एकदाही खोकले नव्हते. आत्ता मी आत होते, दाराकडे पाठ करून. ते खोकले.

मी वळले नाही. पातेल्यात दूध चढत होतं, मला दिसत होतं, हात लावायचा होता आणि मी लावला नाही. ते काठावर आलं, क्षणभर थांबलं, आणि सळसळत खाली शेगडीवर गेलं. "अरे अरे," म्हणत बाबा आत आले, गॅस बंद केला. दुसऱ्या हातात त्यांची बॅग होती. फडकं घेऊन पुसायला लागले. "असू दे, असू दे. होतं असं."

"बाबा, मला ओरडा."

"तुला? तुला कशाला ओरडू?"

"पक्षी मेले माझ्यामुळे. दूध उतू गेलं, तेही मी मुद्दाम जाऊ दिलं. तिला ओरडता तुम्ही. दिवसभर ओरडता. मला हेवा वाटतो तिचा."

ते फडकं पिळत राहिले. माझं बोलणं त्यांना विचित्र वाटलं असणार, पण ते हसले नाहीत. मग फडक्याकडेच बघत म्हणाले, "इथं मी कामाला आहे गं. कामावर माणूस ओरडतो. तुझ्याकडे मी राहत होतो. ज्याच्या घरी राहतो त्याला कुणी ओरडतं का?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी फडकं वाळत घातलं, कडा जुळवून, आमच्या घरी घालत तसं. "चल, बस चुकेल."

मी म्हटलं, "बाबा, हे घर माझं नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेगडीकडे, मग खुर्चीवर टाकलेल्या माझ्या पिवळ्या कोटाकडे. त्यावर पांढरी पिसं चिकटलेली होती. मला वाटलं, आता पुन्हा असू दे म्हणतात.

"गाढवे," ते म्हणाले. पहिल्यांदा जरा चाचपडतच. "असला झेंडा अंगावर घालून कुणी पक्ष्यांत शिरतं? तिचा कोट समोर टांगलेला होता, तो दिसला नाही? दुसऱ्यांना चष्मे लावतेस दिवसभर!" आणि मग आवाज चढला, धाकटी मागच्या दारातून डोकावली आणि तिथंच थांबली, आणि ते बोलतच राहिले, दार, शिट्टी, दूध, तो स्वेटर मला खांद्यात घट्ट होतो का हे कधी विचारलंस, आणि रोज इतकं मीठ का घालतेस. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या हातातली बॅग तेवढी हळूच काढून घेतली आणि पायानं टेबलाखाली सरकवली.